दोन रुपये पगारावर खिळे घासणारा मुलगा: जावजी दादाजी आणि निर्णयसागर

फोनवर मराठी कीबोर्ड उघडा आणि 'सूर्य' टाइप करा. 'र', मग हलन्त, मग 'य'. हलन्तापर्यंत स्क्रीनवर पाय मोडलेला 'र्' दिसतो. 'य' दाबला की तो गायब होतो आणि त्याचा रफार होऊन 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. तुम्ही टाइप केलं एका क्रमाने, दिसलं वेगळंच. या कामाला शेपिंग म्हणतात. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हार्फबझ नावाची एक लायब्ररी हे काम दर शब्दाला करत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मला पत्ता लागला तो मार खाऊन. आम्ही तिघं मिळून छोटी सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी चालवतो, डिलाईल रोडवर, एका खोलीत. (पाटीवर ना. म. जोशी मार्ग आहे, पण इथे डिलाईल रोडच म्हणायचं.) एका क्लायंटला ॲपमधून मराठी पीडीएफ पावत्या हव्या होत्या. आमच्या कोडने बनवलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक वेलांटी पळून शेजारच्या अक्षरावर चढली होती. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री कंटाळून मी शोधायला लागलो की कॉम्प्युटर नव्हता तेव्हा लोक हे कसं जमवत होते. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या संस्कृत पुस्तकांची स्कॅन्स सापडली. एकेका पानावर तीन मापांची अक्षरं, रफार आणि अनुस्वार जागच्या जागी. मुखपृष्ठावर छापखान्याचं नाव होतं निर्णयसागर, पत्ता कोलभाट गल्ली, मुंबई. म्हणजे काळबादेवी, आमच्या खोलीपासून चार-पाच किलोमीटर.

तो छापखाना काढणारा माणूस म्हणजे जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मृत्यू १८९२. त्यांना लोक 'मोठे मुद्रक आणि प्रकाशक' म्हणून ओळखतात. मला ते आधी टेक्निकल माणूस वाटतात, आणि मग असा टेक्निकल माणूस की ज्याला धंदा टिकवता आला. या दोन गोष्टी एका माणसात किती क्वचित असतात हे आमच्या लाइनमध्ये असाल तर कळेल.

खिळे घासणारा मुलगा

घरची गरिबी होती, शाळा फारशी झाली नाही. दहाव्या वर्षी जावजी मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार महिन्याला दोन रुपये. काम काय, तर खिळे घासायचे.

खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा छोटा ठोकळा. त्याच्या एका टोकाला उलटं अक्षर असतं. असे खिळे जुळाऱ्याने एकेक करून ओळीत लावायचे, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. अक्षरजुळणीला 'खिळे जुळवणे' म्हणत ते यावरून. हे खिळे साच्यात ओतून बाहेर काढले की त्यांच्या कडांना धातूचा फुटलेला भाग राहतो. तो घासून काढावा लागतो. जास्त घासला तर खिळा बारीक होऊन ओळीत डुगडुगतो, कमी घासला तर शेजाऱ्याला ढकलतो. आणि उंचीत केसाएवढा फरक पडला की छापताना ते अक्षर फिकं तरी येतं नाहीतर कागदात रुततं.

म्हणजे या पोराला पहिल्या दिवसापासून टेस्टिंगचं काम मिळालं होतं. नवीन इंजिनिअरला टेस्टिंगला बसवलं की त्याचा चेहरा पडतो, माझाही पडला होता. पण माल कुठे कुठे बिघडतो हे त्या टेबलावर जेवढं कळतं तेवढं दुसरीकडे कळत नाही.

त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे अक्षरांचे कुशल कारागीर होते. त्यांच्या हाताखाली जावजींनी पुढचं सगळं शिकून घेतलं. ही साखळी थोडी समजून घ्या, कारण पुढचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर कानशीने आणि छिन्नीने उलटं अक्षर कोरायचं, त्याला पंच म्हणतात. हा पंच तापवून-विझवून कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो. तो खळगा साच्यात बसवून वरून शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा, की खिळा तयार. एक पंच जपून ठेवला तर त्यातून हजारो खिळे निघतात. कष्ट सगळे पंच कोरण्यात, पुढचं ओतकाम त्या मानाने स्वस्त. सॉफ्टवेअरचं गणित असंच असतं: पहिली प्रत महाग, पुढच्या प्रती जवळजवळ फुकट.

देवनागरीत अडचण अशी की इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं कोरून भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असे शेकडो खिळे लागतात. 'कि', 'की', 'के', 'कै', 'कं' असं प्रत्येक जोडीसाठी वेगळा खिळा करायला गेलात तर पेटी ठेवायला खोली पुरणार नाही. म्हणून मुंबईच्या छापखान्यांत एक पद्धत रुळली. वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या खिळ्यांवर ओतायच्या आणि जुळाऱ्याने त्या अक्षराला हाताने जोडायच्या. याला डिग्री टाइप म्हणत. अक्षर वरपासून खालपर्यंत एकाच खिळ्यावर असेल तर तो अखंड टाइप. डिग्रीत खिळे कमी लागतात पण जुळणीचं काम वाढतं, अखंडमध्ये उलट. कशासाठी किती किंमत मोजायची हा निवाडा आहे. युनिकोडनेही पुढे साधारण हाच रस्ता धरला. मूळ अक्षर वेगळं, खूण वेगळी, आणि जोडायचं काम फोनवर सोपवलेलं. फरक एवढाच की तेव्हाचं हार्फबझ म्हणजे पेटीसमोर उभा असलेला पगारी माणूस होता.

मिशननंतर जावजींनी इंदुप्रकाश धरून मुंबईतल्या आणखी छापखान्यांत नोकऱ्या केल्या. साधारण पंधरा वर्षं दुसऱ्यांकडे काम, प्रत्येक ठिकाणी खिळ्यांशी संबंधित. गुंतवायला पैसा असा नव्हताच. एक गोष्ट मात्र साठत गेली. मुंबईतल्या कोणत्या छापखान्याला कोणत्या मापाचे खिळे कमी पडतात, कोणाचे लवकर झिजतात, कोण पैसे वेळेवर देतो, हे त्यांना आतून माहीत झालं असणार. पंधरा वर्षं त्या लाइनमध्ये राहून हे कळलं नाही असं होऊच शकत नाही.

१८६४: नको त्या वर्षी सुरुवात

१८६४ मध्ये, पंचविशीत, जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा छोटा कारखाना काढला. इथे जरा थांबू, कारण हे वर्ष फार गमतीचं आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. बँका, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या, रोज नवीन शेअर. कारकुनापासून शेठपर्यंत सगळे सट्टा खेळत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, वायदे पुरे करायच्या दिवशी, अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. नावाजलेल्या बँका बुडाल्या. आपण ज्याला फंडिंग विंटर म्हणतो ना, तो मुंबईने तेव्हाच बघून घेतला होता.

फुगा पुरता फुगलेला असताना जावजींनी कारखाना काढला आणि एका वर्षात फुगा फुटला, तरी कारखाना राहिला. मला वाटतं त्याचं कारण त्यांच्या मालातच आहे. ते कोणाला भविष्य विकत नव्हते. मुंबईत छापखाने वाढत होते, वर्तमानपत्रं निघत होती, शाळेची पुस्तकं लागत होती, विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं होतं. या प्रत्येकाला खिळे हवेत. आणि खिळे झिजतात! शिसं मऊ असतं, छापून छापून अक्षर बोथट होतं, मग गिऱ्हाईक परत येतं. जुने खिळे वितळवून नवे करता येतात, म्हणजे कच्चा मालसुद्धा गिऱ्हाइकाकडूनच परत मिळू शकतो. ज्यांना पुस्तकांच्या धंद्यात जुगार खेळायचा त्यांनी खेळावा, जावजी त्या सगळ्यांना अवजार पुरवत होते.

इथे स्वतःचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे आम्ही एक मोठं फिक्स्ड प्राइस काम घेतलं. त्यासाठी दोन छोट्या मेंटेनन्सच्या क्लायंटना, म्हणजे महिन्याला ठरावीक पैसे देणाऱ्या पण रोज फोन करणाऱ्या मंडळींना, जवळजवळ सोडलंच होतं. मोठ्या कामात स्कोप वाढत गेला, शेवटचा हप्ता अडकला. त्या महिन्यांत खोलीचं भाडं कोणी दिलं? राहिलेल्या एका मेंटेनन्सवाल्याने. झिजणाऱ्या खिळ्यांचं महत्त्व मला तेव्हा कळलं. कौतुकाचं काम नाही, पण महिन्याच्या एक तारखेला तेच उपयोगी पडतं.

जावजी एकटे नव्हते. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सोबती पंच कोरण्यात अतिशय तयार होते. निर्णयसागरच्या अक्षरांचं जे वळण पुढे नावाजलं गेलं त्यात राणोजींच्या हाताचा वाटा मोठा आहे. गोलाई भरदार, जाड-बारीक रेषांचा तोल असा की छोट्या मापातही अक्षर मिटत नाही. तरी लोकांच्या तोंडी राणोजींचं नाव फार कमी येतं. कोड लिहिणाऱ्याचं नाव प्रॉडक्टवर नसतंच म्हणा.

पंचांग, शास्त्री आणि चुका

पाच वर्षं खिळे विकल्यानंतर, १८६९ मध्ये, जावजींनी स्वतःचा छापखाना सुरू केला. तोच निर्णयसागर. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कारखाना चालवून दाखवला, मग छपाईत उतरले. तोपर्यंत खिळे घरचे, दुरुस्ती घरची, आणि एखादं जोडाक्षर पेटीत नसेल तर ते कोरणारा माणूसही घरचाच. दुसऱ्या छापखान्यांना नवीन अक्षर हवं तर ऑर्डर देऊन थांबावं लागणार, यांना तसं नव्हतं.

सुरुवातीच्या मालात पंचांग होतं. पंचांग छापणारे ते पहिले नव्हेत. गणपत कृष्णाजींनी त्यांच्या कितीतरी आधी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं होतं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक हात लावेनात, तेव्हा त्यांनी म्हणे तूप घालून शाई केली. जावजींपर्यंत तो संकोच बराच मावळला होता. पंचांगाची गंमत अशी की ते दर वर्षी जुनं होतं. पाडवा आला की घराघरात नवीन लागतंच. गिऱ्हाईक पक्कं आणि तारीखही पक्की, पण ती तारीख चुकवता येत नाही. पाडवा झाल्यावर छापून आलेलं पंचांग कोण घेणार? शिवाय एका तिथीचा आकडा चुकला तर कोणाचं तरी लग्न, कोणाचं तरी श्राद्ध चुकीच्या दिवशी. वर्षाचं सबस्क्रिप्शन विकणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे अपडेट पाठवून चूक दुरुस्त करायची सोय नव्हती.

यातून मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट कळते. जावजींचं स्वतःचं शिक्षण जेमतेम. तरी निर्णयसागरची खरी कीर्ती झाली ती संस्कृत ग्रंथांसाठी. कारण त्यांनी विद्वान माणसं कामावर घेतली. काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे शास्त्री हस्तलिखितं ताडून बघायचे, पाठ ठरवायचे, मुद्रितं तपासायचे. १८८६ पासून काव्यमाला ही मालिका निघाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि परब तिचे संपादक. जी काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्राचे ग्रंथ फक्त पोथ्यांत पडून होते ते यात छापून आले. महिन्याला थोडं थोडं, अंकाच्या रूपाने. म्हणजे पूर्ण ग्रंथ होईपर्यंत भांडवल अडकवून बसायचं नाही, जसं तयार होईल तसं वाचकाला द्यायचं.

या पुस्तकांचं एक पान फोनवर उघडून झूम करा. वर मोठ्या अक्षरात मूळ श्लोक, खाली मध्यम अक्षरात टीका, त्याखाली बारीक अक्षरात पाठभेद. तिन्ही मापं एकाच घराण्यातली वाटतात. हे करायला तिन्ही मापांचे पंच वेगवेगळे कोरावे लागतात, कारण शिशात पिंच-झूम नसतं. मोठं अक्षर नुसतं लहान केलं तर बारीक रेषा तुटतात आणि पोकळ्या शाईने भरतात. प्रत्येक मापाला डोळ्याने पुन्हा तोल साधावा लागतो. ज्याच्या घरी खिळ्यांचा कारखाना नाही त्याला हे परवडणंच कठीण होतं.

मुद्रितशोधनावर खर्च करणं हे हिशेबाच्या वहीत तोट्याचं दिसतं. पगारी शास्त्री दिवसभर बसून चुका शोधतोय आणि पान पुढे सरकत नाहीये. आमच्याकडे डेडलाइन जवळ आली की पहिला बळी टेस्टिंगचाच जातो. निर्णयसागरने तो खर्च सोडला नाही आणि त्याची वसुली अशी झाली की अभ्यासकांमध्ये छापखान्याचं नाव हीच आवृत्तीची ओळख बनली. आजही संस्कृतच्या शोधनिबंधात तळटीपेला 'निर्णयसागर आवृत्ती' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं. परदेशातल्या विद्यापीठांतही. जेमतेम शिकलेल्या माणसाच्या कारखान्याचं नाव तिथे आहे.

सगळंच आदर्श होतं असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या मुलाने शिसं घासणं ही काही रम्य गोष्ट नाही. शिसं विषारी असतं आणि त्या काळात ओतकाम करणाऱ्या कोणाच्या तोंडाला फडकं असेल असं मला वाटत नाही. जावजी ५३ व्या वर्षी, ५ एप्रिल १८९२ ला गेले.

याच शहरात, याच खिळ्यांच्या प्रश्नावर काम केलेला आणखी एक माणूस आहे, शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबई. डोकं अफाट. खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र त्यांनी बनवलं, पेटंटं घेतली, लंडनला गेले, सर रतन टाटांचं भांडवल मिळालं, ते संपलं, मग न्यूयॉर्क. १९३५ मध्ये तिथेच वारले. त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणतात आणि ते खोटं नाही. पण त्यांचं चरित्र वाचताना दर काही वर्षांनी पुढचा गुंतवणूकदार शोधणं चालू असतं. कॉलेजात मला भिसे व्हायचं होतं. आता खोलीचं भाडं भरताना जावजी जास्त आठवतात. दोघांत थोर कोण हा वाद मी घालणार नाही, चहाच्या टपरीवर घालून झालाय.

जावजींनंतर मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला, पुढे पांडुरंग जावजी यांनी. काव्यमाला थांबली नाही. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे नवे शास्त्री आले. १९४० च्या दशकातली पुस्तकं उघडलीत तर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव दिसेल, मुद्रक रामचंद्र येसू शेडगे. म्हणजे संस्थापक गेल्यावर पन्नास वर्षांनीही त्याच नावाने, त्याच गल्लीतून पुस्तकं निघत होती. आमच्या खोलीला अजून पाच वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे या आकड्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसतो.

आमची पीडीएफ शेवटी जमली. लायब्ररी शेपिंग न करताच अक्षरं एकामागे एक ठेवत होती, मध्ये हार्फबझ बसवल्यावर वेलांट्या घरी आल्या. तुम्हाला निर्णयसागरची पानं बघायची असतील तर इंटरनेट आर्काइव्हवर 'काव्यमाला' शोधा, स्कॅन मोफत आहेत. फाइल मोठी असते, वायफायवर डाउनलोड करा. आणि एखादा रफार सापडला की पूर्ण झूम करा. कधीकधी तो एका पानावर किंचित डावीकडे आणि दुसऱ्या पानावर किंचित उजवीकडे दिसतो, कारण प्रत्येक वेळी तो कोणीतरी हाताने ठेवलेला आहे.